झाडीतला छोटा डिस्क गोल्फ कोर्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या कोर्सवरचा सर्वांत लांब होल, म्हणजे फेकायच्या जागेपासून (तिला टी म्हणतात) बास्केटपर्यंतचा टप्पा, शंभर मीटरही नाही. अठरापैकी चौदा होल दाट झाडीत आहेत. नवीन माणूस पहिल्या टीवर उभा राहतो, बास्केट इथूनच दिसते म्हणून हसतो, आणि चौथ्या होलपर्यंत त्याचं हसणं थांबलेलं असतं. मग प्रश्न सुरू होतात. दर आठवड्याला तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. नियम म्हणून जे सांगितलंय ते पीडीजीएचं, म्हणजे व्यावसायिक डिस्क गोल्फ संघटनेचं आहे. मतं मात्र माझी आहेत. सगळं वर्णन उजव्या हातानं फेकणाऱ्याला धरून केलंय. डावखुऱ्यांनी डावं-उजवं उलटं वाचावं.

मुळात हा खेळ काय आहे?

गोल्फच, पण चेंडूऐवजी डिस्क आणि खळग्याऐवजी साखळ्या लोंबणारी लोखंडी बास्केट. टीवरून फेकायची, जिथे थांबली तिथे जाऊन पुन्हा फेकायची, बास्केटमध्ये पडेपर्यंत. ज्याचे थ्रो कमी तो जिंकला. पहिला कायमस्वरूपी कोर्स एड हेड्रिक यांनी १९७५ साली कॅलिफोर्नियातल्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये आखला. तिथे सुरुवातीला नुसते खांब होते, त्यामुळे डिस्क खांबाला लागली की नाही यावर वाद व्हायचे. साखळीच्या बास्केटनं तो वाद मिटवला. तिचं पेटंट १९७७ चं. पीडीजीए १९७६ ची. हेड्रिक २००२ मध्ये गेले, आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांच्या अस्थींची राख मिसळून काही डिस्क तयार केल्या गेल्या. एवढं वेड असल्याशिवाय असा खेळ उभा राहत नाही.

कोर्स एवढासा, मग त्यात कठीण काय?

लांब फेकता येणं ही या खेळातली एक कला, एकमेव नव्हे. डेव्हिड विगिन्स ज्युनिअरनं २०१६ मध्ये नेवाडाच्या वाळवंटात, वाऱ्याच्या साथीनं, ३३८ मीटर डिस्क फेकून विक्रम केला. तो हात आमच्या पाचव्या होलवर आणला तरी पहिला प्रश्न तोच राहणार: समोरच्या दोन झाडांच्या मधून डिस्क जाणार का?

ती दोन झाडं टीपासून साधारण पंधरा मीटरवर आहेत आणि मधली जागा अडीच मीटर. डिस्कची रुंदी २१ सेंटीमीटर धरून हिशेब केला तर मध्यापासून दोन्ही बाजूंना जेमतेम ४.४ अंशांची मोकळीक मिळते. घड्याळातलं एक मिनिट सहा अंशांचं असतं, म्हणजे एक मिनिटाचीही चूक चालत नाही. हीच गॅप तीस मीटरवर असती तर मोकळीक सव्वादोन अंशांच्या आत आली असती. शिवाय वर फांद्यांचं छत असतं, त्यामुळे मैदानावर चालणारी ती उंच, तरंगणारी फेक इथे दहाव्या मीटरलाच पानांत शिरते.

मैदानी कोर्सवर चूक हळूहळू कळते. डिस्क भरकटते, लांब पडते, तरी पुढचा थ्रो मिळतो. झाडीत निकाल पहिल्या सेकंदात लागतो, आवाजासकट.

किती डिस्क घेऊन येऊ?

एक. पुटर, म्हणजे जवळच्या, हळू थ्रोसाठीची डिस्क.

हे ऐकून बहुतेकांचा चेहरा पडतो, कारण त्यांनी येण्यापूर्वीच एखादा झगमगीत ड्रायव्हर, म्हणजे लांब पल्ल्याची डिस्क, घेतलेला असतो. पण पुटर सरळ जातो, हळू जातो, आणि झाडाला लागला तर पायाशीच पडतो. चाळीस ते सत्तर मीटरच्या होलवर याहून जास्त काही लागत नाही. दुसरी घ्यायचीच तर मिडरेंज, म्हणजे मधल्या पल्ल्याची, घ्या. तिसरी म्हणजे वेग ६ किंवा ७ चा (हे आकडे पुढच्या प्रश्नात), थोडा वापरून सैल झालेला फेअरवे ड्रायव्हर. माझ्या पिशवीत सात डिस्क असतात आणि राउंड संपताना त्यातल्या तीनच मळलेल्या दिसतात.

वजनाबद्दल: नियमानुसार व्यासाच्या दर सेंटीमीटरला जास्तीत जास्त ८.३ ग्रॅम चालतात, म्हणून २१ सेंटीमीटरच्या डिस्कवर १७५ च्या आसपासचेच आकडे दिसतात. नवशिक्यांसाठी आणि मुलांसाठी १५० च्या घरातली हलकी डिस्क बरी, कारण ती कमी जोरातही उडते.

डिस्कवर चार आकडे छापलेले असतात, ते काय?

वेग, ग्लाइड, टर्न, फेड, याच क्रमानं. वेग म्हणजे ती डिस्क नीट उडायला तुमच्या हातातून किती जोर लागेल त्याचं माप. हा आकडा जास्त असला की ती लांब जाते, असं लोक वाचतात. खरं तर डिस्क तुमच्याकडे जोर मागते आहे. ग्लाइड म्हणजे हवेत तरंगण्याची क्षमता. टर्न म्हणजे वेगात असताना उजवीकडे झुकण्याची सवय, आणि तो उणे आकड्यात लिहितात. फेड म्हणजे वेग ओसरल्यावर डावीकडे ओढ घेण्याची सवय.

झाडीसाठी शेवटचे दोन आकडे आधी वाचा. टर्न ० किंवा -१ आणि फेड ० किंवा १ असलेली डिस्क चिंचोळ्या वाटेला बरी. वेग १२ चा ड्रायव्हर नवशिक्याच्या हातात उडायच्या आधीच डावीकडे वळतो, आणि डावीकडे तर झाडच आहे.

आणखी एक गोष्ट छापलेली नसते. डिस्क झिजते. स्वस्त, मऊ प्लास्टिकची डिस्क झाडं खाऊन खाऊन महिन्या-दोन महिन्यांत बदलते आणि आधी सरळ जाणारी उजवीकडे झुकायला लागते. काही जण तिला टाकून देतात. टाकू नका, उजवीकडे वळणाऱ्या होलसाठी तिच्यासारखी दुसरी मिळत नाही.

डिस्क शेवटी डावीकडेच का वळते? मी तर सरळ फेकली.

सरळच फेकलीत, दोष तुमचा नाही. फिरणाऱ्या भोवऱ्याला बाजूनं हलकेच ढकलून पाहा. तो ढकललेल्या दिशेला न पडता काटकोनात झुकतो. डिस्क म्हणजे आडवा भोवरा. तिचा वेग कमी झाला की ती खाली बसायला लागते, खालून येणारी हवा तिचं नाक वर उचलू पाहते, आणि भोवऱ्याच्या न्यायानं नाक वर जाण्याऐवजी डिस्क डावीकडे कलते. बॅकहँडला, म्हणजे हात छातीसमोरून आडवा आणून फेकताना, गिरकी घड्याळाच्या दिशेची असते म्हणून डावीकडे. फोरहँडला, म्हणजे हाताच्याच बाजूनं फेकताना, गिरकी उलटी, म्हणून उजवीकडे.

याचा उपयोग असा की गिरकी जितकी जास्त तितकं हे कलणं उशिरा होतं. झाडीत लांबीपेक्षा गिरकी महत्त्वाची. खांद्याचा जोर कमी करा, पण मनगटाचा झटका तसाच ठेवा.

आधी कोणता थ्रो शिकू?

जागेवर उभं राहून, न धावता, कमरेच्या उंचीवरून बॅकहँड. पावलं टाकत, वळत येऊन फेकण्याची हौस लवकर लागते, पण प्रत्येक पाऊल म्हणजे नेम चुकायची एक जास्तीची संधी. पन्नास-साठ मीटर उभ्या-उभ्या जातात. मी अठरापैकी अकरा होल उभ्यानं फेकतो आणि लोकांना वाटतं माझा गुडघा दुखतोय.

त्यानंतर फोरहँड शिका. मैदानावर तो नसला तरी निभतं, झाडीत निभत नाही. कारण साधं आहे: डिस्क अशा ठिकाणी जाऊन पडते की डावीकडे खोड असतं आणि बॅकहँडसाठी हात मागे नेताच येत नाही. फोरहँडला बाजूला दोन फूट जागा पुरते. दोन बोटं कडेच्या आत, तळहात आकाशाकडे, कोपर पोटाजवळ, आणि फक्त मनगट. ताकद लावलीत तर डिस्क भेलकांडत जाईल. वीस मीटरवरच्या एका झाडावर नेम धरून पन्नास वेळा फेका, तेवढ्यानं बरंच जमतं.

डिस्कची बाहेरची, म्हणजे हातापासून दूरची कड खाली झुकवून फेकली तर त्याला हायझर म्हणतात, वर उचलून फेकली तर अ‍ॅनहायझर. डावीकडे वळणाऱ्या वाटेला हायझर, उजवीकडे वळणाऱ्या वाटेला अ‍ॅनहायझर किंवा सरळ फोरहँड. मला विचाराल तर फोरहँडच. अ‍ॅनहायझर दिसायला सुंदर, पण छत खाली असेल तर तो वर चढतो आणि फांदीला लागतो.

गॅपमधून डिस्क काढायची कशी?

झाडांकडे बघू नका. विनोद नाही हा. नजर ज्या वस्तूवर खिळते तिकडे हात जातो, म्हणून दोन झाडांच्या मधून पलीकडे दिसणारी एखादी बारीक गोष्ट निवडा: फांदीचं टोक, पानांतून दिसणारा आकाशाचा तुकडा, लांबच्या खोडावरचा पांढरा डाग. पाचव्या होलवर मी गॅपच्या बरोबर पलीकडच्या एका वाळक्या खुंटाकडे बघतो. त्याला अजून एकदाही लागलेली नाही, पण गॅपमधून जाते.

दुसरं, टीवर कुठे उभं राहायचं हे तुमच्या हातात आहे. टीच्या डाव्या कोपऱ्यातून आणि उजव्या कोपऱ्यातून तीच गॅप वेगळी दिसते. एका बाजूनं ती दार असते, दुसऱ्या बाजूनं फट. घाईनं मधोमध उभे राहणारे लोक ही फुकटची सवलत सोडून देतात.

तिसरं म्हणजे गॅप निवडताना सर्वांत सरळ कोणती हे न बघता चुकल्यावर कुठे पडेल ते बघा. डाव्या गॅपच्या बाजूला मोकळं गवत आणि उजव्या गॅपच्या बाजूला काटेरी झुडपं असतील, तर डावी थोडी अरुंद असली तरी डावीच.

झाडाला लागली. आता?

आता खरा खेळ सुरू झाला.

आधी हे मान्य करा की लागणारच. या खेळात एक जुनी थट्टा आहे की झाड म्हणजे नव्वद टक्के हवा. उरलेले दहा टक्के कुठे असतात ते प्रत्येकाला आपल्या डिस्कवरून कळतं. पण स्कोअर बिघडतो तो झाडामुळे क्वचितच. बिघडतो तो पुढच्या थ्रोमुळे.

सत्तर मीटरचा होल घ्या, पार तीन, म्हणजे तीन थ्रोत संपावा असा. पहिली डिस्क दहा मीटरवरच्या झाडाला लागून वाटेवरच पडली. वाईट वाटतं, पण हिशेब बघा: साठ मीटर उरले, एक चांगला थ्रो बास्केटजवळ आणि एक पट, म्हणजे जवळून आत टाकायचा थ्रो. तीनच झाले. छोट्या कोर्सची ही मेहेरबानी आहे, इथे एक चूक माफ असते. हळू फेकलेला पुटर म्हणूनच आवडतो. तो झाडाला लागला तर जवळच पडतो. जोरात मारलेला ड्रायव्हर लागला की वीस मीटर आडवा रानात जातो.

आता समजा ती आडवी गेलीच. तुम्ही खोडांच्या गर्दीत उभे आहात. समोर, बास्केटच्या दिशेला, हातभर फट दिसते आहे. बाजूला, बास्केटपासून दूर, मोकळी वाट. फटीतून गेली तर दुसऱ्या थ्रोला बास्केटजवळ, तिसऱ्याला आत, पार. फट चुकली तर दोन झाले आणि अजून रानातच; मग बाहेर काढायला तिसरा, जवळ न्यायला चौथा, पाचवा आत. आणि आधीच शहाणपणानं बाजूला काढली असती तर चार. म्हणजे फट साधली तर एक वाचतो, चुकली तर एक जातो. दहापैकी सहा वेळा जमणार असेल तर मारा. खरं सांगा, जमतं का सहा वेळा? मी एकदा महिनाभर मोजलं होतं. माझं दहापैकी तीनदा जमत होतं आणि मला वाटत होतं सातदा. शिवाय चुकलेली डिस्क दर वेळी तिथेच पडते असंही नाही, कधी ती आणखी आत जाते. आगीतून फुफाट्यात.

मग समोरचा कुणी जेम्स कॉनरॅडचं उदाहरण देतो. २०२१ च्या जागतिक स्पर्धेत, शेवटच्या होलवर, साधारण ७५ मीटरवरून त्यानं डिस्क थेट बास्केटमध्ये टाकली, पॉल मॅकबेथशी बरोबरी केली आणि पुढच्या प्लेऑफमध्ये जिंकला. खरं आहे. पण त्या क्षणी त्याच्याकडे दुसरा पर्यायच नव्हता. आत गेली तरच बरोबरी, नाहीतर हार. तुम्ही तिसऱ्या होलवर आहात.

बाहेर काढायची म्हणजे कशी? लाज वाटते हो, बास्केटकडे पाठ करून फेकायला.

वाटू द्या. पुटर घ्या, मोकळ्या वाटेच्या मध्यावर नजर ठेवा आणि जमिनीलगत हलकेच सोडा. इतकंच पाहा की पुढच्या थ्रोला बास्केट दिसेल. लोक अर्धवट मोह ठेवतात, "थोडी पुढेपण जाऊ दे" म्हणतात, आणि ती थोडी पुढे जायच्या नादात शेवटच्या खोडाला थडकते.

डिस्क खोडाला चिकटून पडली. उभं कुठे राहू?

इथे नियम माहीत असलेला माणूस फुकटात एक थ्रो वाचवतो, म्हणून जरा सविस्तर.

डिस्क जिथे थांबली ती जागा दोन प्रकारे खूण करता येते. एक, डिस्क तशीच ठेवून तिच्या मागे उभं राहायचं. दोन, डिस्कच्या पुढच्या बाजूला, तिला टेकून, छोटी मार्कर डिस्क ठेवायची, मोठी उचलायची आणि मार्करच्या मागे उभं राहायचं. दुसऱ्या पद्धतीत तुम्ही साधारण वीतभर पुढे येता. खोडाच्या कडेला ती वीत म्हणजे हात फिरणं किंवा न फिरणं. कधी उलटही असतं, मागेच राहिलेलं बरं. निवड तुमची.

मार्करच्या मागे २० सेंटीमीटर रुंद आणि ३० सेंटीमीटर लांब असा तुकडा, हीच तुमची लाय. डिस्क सुटताना एक पाय, किंवा अंगाचा दुसरा एखादा टेकलेला भाग, त्या तुकड्यात हवा. दुसरा पाय कुठेही चालतो, फक्त मार्करच्या मागच्या कडेपेक्षा बास्केटच्या जवळ नको. म्हणजे एक पाय लायवर ठेवून दुसरा लांब बाजूला ताणला, कंबर झाडाच्या पलीकडे काढली आणि तिथून फेकलं, तरी ते नियमातच बसतं. गुडघा टेकलात तरी चालतं. झुडपाखालून फेकायला तो उत्तम. म्हणूनच मी पिशवीत गुडघ्याखाली घालायला जुना टॉवेल ठेवतो.

फांद्यांचं काय? हात फिरवायला जागा व्हावी म्हणून फांदी धरून ठेवणं, वाकवणं किंवा मोडणं चालत नाही. फांदी कमीत कमी हलेल असंच उभं राहायचं. फेकताना हात घासून गेला तर चालतं. तुटून खाली पडलेली काटकी किंवा पानं तुमच्या पायाखाली येत असतील तर बाजूला करता येतात. पुढच्या वाटेत पडली असतील तर नाही. मार्करच्या मागे भलं मोठं खोडच असेल आणि पाय ठेवायला जागा नसेल, तर बास्केटच्या सरळ रेषेत खोडाच्या लगेच मागे लाय घ्यायची, दंड नाही. गांधीलमाश्यांचं पोळं दिसलं तरी त्याच रेषेत मागे सरकायला दंड नाही, वाद घालत तिथे थांबू नका. आणि काहीच जमत नसेल तर एक थ्रोचा दंड घेऊन त्या रेषेत हवं तितकं मागे जाता येतं.

डिस्क झाडावर अडकली तर?

ती ज्या जागेच्या बरोबर वर आहे त्या जमिनीवर खूण करायची आणि तिथून पुढे खेळायचं. दोन मीटरपेक्षा उंच अडकल्यास एक थ्रोचा दंड हा नियम फक्त स्पर्धेच्या संचालकानं जाहीर केला असेल तेव्हाच लागू होतो, नाहीतर दंड नाही.

खाली काढण्याचे उपाय: बारीक झाड असेल तर हलवा, नाहीतर लांब काठी. दगड मारू नका, खाली माणसं असतात. दुसरी डिस्क तर मुळीच मारू नका. मी मारली होती. मग ती काढायला तिसरी. आठव्या होलवर एका संध्याकाळी माझ्या तीन डिस्क एकाच झाडावर होत्या आणि हातात पाण्याची बाटली उरली होती. तिची पाळी आली नाही, अंधार पडला.

हरवली तर?

नियमात शोधायला ३ मिनिटं आहेत. त्यात सापडली नाही तर एक थ्रोचा दंड आणि जिथून फेकली होती तिथून पुन्हा. मैत्रीच्या राउंडमध्ये बरेच जण शेवटची दिसली तिथून खेळतात. तसं करायचं तर पहिल्या टीवरच ठरवा, हरवल्यावर नव्हे.

हरवू नये म्हणून दोन गोष्टी. फेकल्यावर हळहळत मान फिरवू नका. डिस्क थांबेपर्यंत बघा आणि ती गेली त्या रेषेतलं एक झाड लक्षात ठेवा. आणि वळणाच्या होलवर आळीपाळीनं एक जण पुढे उभा राहू दे. रंगाच्या बाबतीत गुलाबी आणि निळा रंग झाडीत उठून दिसतो. हिरवी डिस्क झाडीत आणणाऱ्याची मला कीव येते. आतल्या बाजूला फोन नंबर लिहा. सापडलेल्या डिस्कवर नंबर असेल तर फोन करा.

पट झाडीत वेगळा असतो का?

बास्केट तीच, जमिनीपासून कडेपर्यंत साधारण ८२ सेंटीमीटर. फरक उभं राहण्यात पडतो. बास्केटपासून १० मीटरच्या आत असाल तर डिस्क सोडल्यावर मागेच तोल सावरलेला दिसला पाहिजे, मगच पुढे पाऊल. फेकता फेकता पुढे झेपावलात तर तो फाउल. मोकळ्या जागी एक पाय पुढे, एक मागे असं उभे राहत असाल, तरी पाय फाकवून उभं राहण्याचीही सवय करा, कारण नेहमीचा पवित्रा खोड नाकाशी असताना बसत नाही.

उतारावरच्या बास्केटपाशी जपून. तिथे चुकलेली डिस्क कडेवर उभी पडते आणि चाकासारखी घरंगळत निघते. बाराव्या होलवर चार मीटरचा पट चुकून पुढचा पट अठरा मीटरचा झालेला मी पाहिलाय. तिथे जोरात मारू नका. साखळीखाली हळू पोहोचेल एवढंच. आणि डिस्क बास्केटच्या माथ्यावर जाऊन बसली तर ती आत धरत नाहीत, कितीही ऐटीत बसली तरी.

रोलर, डोक्यावरून फेकणं वगैरे?

डोक्यावरून भिरकावायला वर मोकळं आकाश लागतं, आणि आमच्याकडे ते दोन-तीन होलवरच आहे. रोलर मात्र कामाचा. फांद्या कमरेपर्यंत आल्या असतील तर डिस्क जवळजवळ उभी करून जमिनीवर सोडायची, ती खालून पळते. मुळं आणि दगड मधे आले की ती कुठे उडेल ते सांगता येत नाही, हे धरून चालायचं.

पावसात, पानगळीत, बर्फात खेळता येतं का?

येतं. ओली डिस्क हातातून निसटते, म्हणून दोन टॉवेल हवेत: एक डिस्कला, एक हाताला, आणि हाताचा पिशवीच्या आत कोरडा ठेवायचा. ओली मुळं आणि ओला टीपॅड असेल तर पावलं न टाकता उभ्यानंच फेका.

पानगळ हा डिस्क हरवण्याचा मोसम. डिस्क पानांच्या थराखाली सरकते आणि वरून काहीच दिसत नाही. पायानं पानं उचकटत, ती शिरली असेल त्या दिशेनं, रांगेत चाला. पिवळ्या आणि केशरी डिस्क या दिवसांत घरी. पानं पूर्ण झडली की झाडं निम्मी हवा होतात आणि स्कोअर सुधारतो. तो आपल्यामुळे सुधारला असं वाटतं. बर्फात काही जण डिस्कच्या तळाला लांब रिबीन चिकटवतात, म्हणजे भोकातून शेपूट दिसतं.

झाडांना इजा होत नाही का?

होते, आणि हा प्रश्न विचारणारे फार थोडे. टीच्या समोरच्या पहिल्या झाडाकडे जाऊन बघा. टीच्या बाजूची साल ठिकठिकाणी सोललेली, दुसरी बाजू धड. सालीच्या लगेच आत झाडाचं अन्न वाहतं. ती सगळीकडून गेली तर झाड मरतं. काही कोर्सवर अशा झाडांच्या खोडाभोवती काठ्यांची जुडी उभी बांधतात, म्हणजे मार काठ्या खातात. दुसरी इजा पायांची. शेकडो पावलांनी मुळांवरची माती घट्ट होते, पाणी मुरत नाही. म्हणून वाटेवर लाकडाचा भुसा आणि चुरा पसरलेला असतो, त्यावरूनच चाला. आणि "ही एक फांदी तोडली तर होल किती छान होईल" असं वाटलं, तर कुऱ्हाड घरीच असू द्या. ती फांदी हाच तो होल आहे.

तिथे फिरायला येणारे लोक असतात, त्यांचं काय?

त्यांचा हक्क पहिला. वाटेवर माणूस, मूल, कुत्रं दिसलं की थांबायचं, पुढे जाऊ द्यायचं. आंधळ्या वळणावर आधी कुणीतरी जाऊन बघायचं. डिस्क चुकून कुणाच्या रोखानं निघाली तर "फोर!" असं मोठ्यानं ओरडायचं, आणि त्यांना खेळ माहीत नसला तर नुसतं "सांभाळा!" जास्त उपयोगी पडतं.

पारपेक्षा सहा जास्त झाले. वाईट का?

सगळे होल पार तीनचे, म्हणजे पार ५४. पहिल्यांदा साठ म्हणजे छान. मला पहिल्या राउंडला ७९ लागले होते.

एकाच थ्रोमध्ये आत, असं होतं का कधी?

होतं, त्याला एस म्हणतात, आणि छोट्या कोर्सवर ते मोठ्या कोर्सपेक्षा जास्त होतं, कारण बास्केट आवाक्यात असते. माझा एकच. सोळावा होल, पुटर, पाऊस नुकताच थांबलेला. डिस्क हातातून सुटताक्षणी उजवीकडे गेली, एका खोडाला कडेनं लागली, डावीकडे वळली, आणि पानांच्या पलीकडून साखळ्यांचा आवाज आला. सोबतचे तिघे नाचत होते. मी त्या खोडाकडे बघत होतो, सालीवर ओली, ताजी खूण होती. डिस्कवर तारीख लिहून ती भिंतीवर टांगायची असते म्हणे. मी तिनंच खेळत राहिलो. तीन आठवड्यांनी अकराव्या होलच्या डावीकडच्या काटेरी झुडपांत ती गेली. गुलाबी आहे, आत नंबर लिहिलाय.